सहा घमेली सिमेंट

दातार काकूंच्या घरात दुपारी एक ते चार कोणताही आवाज होत नसे. म्हणजे होऊ दिला जात नसे. त्या वेळात फाटकाची कडी वाजवणाऱ्याला काकू खिडकीतूनच विचारायच्या, "आपल्याकडे घड्याळ नाही का?" आणि खिडकी बंद व्हायची. कुकरच्या शिट्ट्या साडेबाराच्या आत संपलेल्या असत, भांडी विसळून पालथी घातलेली असत आणि काकांची काठी पलंगाच्या कठड्याला अडकवलेली असे, म्हणजे ती पडून खाडकन वाजायला नको. मी दारव्ह्याहून आले होते. आमच्याकडे दुपार म्हणजे बाबांच्या शिलाई मशीनची खडखड, समोरच्या चक्कीचा घरघराट आणि त्यावरून एकमेकांशी मोठ्याने बोलणारे आम्ही. पुण्यातल्या त्या शांततेत पहिले काही दिवस मला सारखं वाटायचं, की घरात कोणीतरी रागावलंय आणि बहुतेक माझ्यावरच.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. शाळेतल्या ज्या सरांनी घरी तीन खेपा घालून बाबांना माझ्या इंजिनीअरिंगसाठी तयार केलं, त्यांचे दातार हे लांबचे नातेवाईक. पुण्यात एका ठेकेदाराच्या ऑफिसात मला नोकरी लागली, तेव्हा सरांनीच पत्र लिहून मला त्यांच्या सहकारनगरच्या बंगल्यात मागची खोली मिळवून दिली. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्या दिवशी पानात आमटी आली ती गोड लागली. मला वाटलं, काकूंच्या हातून चुकून काही पडलं असावं. त्यांना वाईट वाटायला नको म्हणून मी दोन वाट्या प्यायले. दुसऱ्या दिवशीही गोड. तिसऱ्या दिवशी माझ्या पानात हिरव्या मिरचीचा ठेचा होता. वाढताना काकू एवढंच म्हणाल्या, "हे घे. रोज शिक्षा झाल्यासारखी जेवू नकोस." त्या ठेच्याची परतफेड करायला जाऊन मी पुढे काय करून बसले, ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहिते आहे. कारण तेव्हापासून मला एकच ध्यास लागला होता, की या माणसांसाठी आपल्या हातून काहीतरी झालं पाहिजे.

संधी पायऱ्यांच्या रूपाने आली. बंगला टेकडीच्या उतारावर होता. मागचा व्हरांडा वर आणि बाग चार फूट खाली. मध्ये नुसते दगड रचून केलेल्या पायऱ्या होत्या, एक दगड पुढे, एक मागे. ती बाग काकांनी हाताने केलेली. वर्षभरापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा पाय ओढत चालावं लागे, शब्दही अडखळत येत. तेव्हापासून ते एकदाही बागेत उतरले नव्हते. सकाळी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून ते काठीने दाखवायचे, इथे पाणी घाला, तिथे नको. काकू खाली उभ्या राहून नळी फिरवायच्या आणि म्हणायच्या, "समजलं हो, लिंबाचं झाड कुठे आहे ते मलाही दिसतं." एका सकाळी काका काठी खाली ठेवून गप्पच बसले. काठीने दाखवणंही त्यांनी सोडलं. त्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर काकू मला म्हणाल्या, "तू बी.ई. सिव्हिल ना? मग आमच्या पायऱ्या कुणाला दाखवायच्या, दंतवैद्याला?"

मला इतका आनंद झाला, की मी लगेच पुस्तकं काढून बसले. आणि तिथूनच गोंधळ सुरू झाला. एका पुस्तकात पायऱ्यांसाठी एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. दुसऱ्यात फरशीखालच्या थरासाठी एकास सहा. सांध्यांसाठी एकास तीन. ऑफिसातले ज्येष्ठ इंजिनीअर म्हणाले, बागेतलं काम आहे, एकास आठनेही चालेल, कशाला डोकं शिणवता. त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, थोडा चुना घाला, जुनी माणसं काय वेडी होती का. परीक्षेत मला या सगळ्या प्रमाणांवर पैकीच्या पैकी गुण होते. पण परीक्षेत कोणी असं विचारलं नव्हतं, की एका लंगडणाऱ्या माणसाला आपल्या लिंबापर्यंत जायचं आहे, तर किती सिमेंट घालाल? कागदावर मी चार वेळा हिशेब केला आणि चारही वेळा वेगळा आला. शेवटी काकूंनी वही ओढून घेतली आणि एकास सहा धरून पाच गोण्या असं लाल पेनने लिहून खाली दोन रेघा मारल्या. गणितापुरता विषय तिथे संपला.

गवंडी म्हणून नामदेव मिस्त्री आले. मांजरी गावाहून सायकलवर यायचे, मागे कॅरिअरवर त्यांची बायको हौसाबाई. मिस्त्री फरशी लावायचे आणि हौसाबाई सिमेंट-वाळूचा माल कालवायच्या; चाळणीतून वाळू काढण्यापासून पाणी घालण्यापर्यंत मालाचं सगळं त्यांच्याकडे. मी वही घेऊन पुढे झाले आणि प्रमाण काय घेणार, असं विचारलं. मिस्त्री म्हणाले, फरशीखाली सहाला एक, दरजेत तीनाला एक. दरज म्हणजे दोन फरश्यांमधली फट. मी विचारलं, पायरी एकच, मग वर एक आणि खाली एक असं का? मजबूत पाहिजे तर सगळंच तीनाला एक का नको? मिस्त्री ओळंबा गुंडाळत म्हणाले, "ताई, गादी येगळी, शिवण येगळी. शिवणीचा दोरा गादीत भरला तर झोप लागंल का?" हौसाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, पण मला कळलं काहीच नव्हतं. वहीत मी 'गादी – शिवण' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आज माझ्या हाताखालची मुलं वाघोलीच्या साइटवर उभी राहून फोनमध्ये प्रमाण बघतात. बऱ्याच ठिकाणी तर माल तयार पोत्यातूनच येतो, नुसतं पाणी घालायचं. मी त्यांना हसत नाही. माझ्याजवळ फोन असता तर पायऱ्यांचं काम चाललं त्या तीन दिवसांत मीही तो बघितला असता आणि तरीही तेच केलं असतं, कारण मी जे केलं ते न कळल्यामुळे कमी आणि माया अनावर झाल्यामुळे जास्त.

एप्रिल होता. मी ऑफिसातून तीन दिवस रजा घेतली होती. सकाळी आठला काम सुरू व्हायचं. मिस्त्रींनी जुने दगड काढले, मुरूम ठोकला, काकांना पाय कमी उचलावा लागावा म्हणून सहाऐवजी आठ बुटक्या पायऱ्या आखल्या. ती आखणी मला कोणत्याही पुस्तकाने सांगितली नव्हती. एक वाजायला आला, की काम बंद. काकूंच्या घरात एक ते चार फावड्याचा आवाज होणं शक्यच नव्हतं. ओला माल तीन तास ठेवता येत नाही, म्हणून हौसाबाई जेवणाआधी सिमेंट आणि वाळू कोरीच मिसळून पत्र्यावर ढीग करून ठेवायच्या. चारला आलं की पाणी घालून लगेच लावायला घ्यायचं. तोवर भाकरीची पिशवी घेऊन दोघं कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसायची.

आणि मी त्या शांत दुपारी व्हरांड्यात बसून त्या ढिगाकडे बघायची. राखाडी कमी, वाळूचा रंग जास्त. मला तो ढीग गरीब दिसायचा. आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला, की आई भाकरीवर तेल ओतायची ते तो नको नको म्हणत ताटावर आडवा हात धरेपर्यंत, आणि मग हाताच्या बाजूने आणखी थोडं. मोजून वाढणं म्हणजे आमच्या घरी अपमान. या घराने मला खोली दिली, ठेचा दिला, काकूंनी माझ्या तापात रात्री उठून कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, आणि मी त्यांच्या पायऱ्यांना सहाला एक असं मोजून वाढायचं? पहिल्या दुपारी मी चपला काढून खाली उतरले. उघडलेल्या गोणीतून एक घमेलं सिमेंट भरलं, मग आणखी एक, आणि आवाज नको म्हणून फावडं न घेता दोन्ही हातांनी ढीग खालीवर केला. हाताची आग झाली. वर येऊन मी हात धुतले, तेव्हा मला जे समाधान वाटलं तसं पदवी हातात आली तेव्हाही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दुपारी दोन घमेली. तिसऱ्या दुपारी दोन.

दुसऱ्या दिवशी चार वाजता हौसाबाई फावडं मारताना म्हणाल्या होत्या, "आज माल लई चिकटतोय बया," आणि त्यांनी पाणी वाढवलं. माझ्या मनात आलं, चिकटतोय म्हणजे चांगलंच की. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री म्हणाले, सिमेंट कमी पडतंय, आणखी दोन गोण्या लागतील. काकूंनी व्हरांड्यातून ते ऐकलं, वहीतल्या दोन रेघांकडे पाहिलं आणि गोण्या मागवल्या.

काम झाल्यावर पायऱ्यांना पाणी मारायचं मी माझ्याकडे घेतलं. सकाळी नळाला पाणी यायचं तेव्हा पाचला उठून गोणपाटं भिजवायची, ऑफिसातून आल्यावर पुन्हा भिजवायची. दोन आठवडे ते चाललं. मग गोणपाटं काढली आणि एका रविवारी सकाळी काका पांढरा सदरा घालून, काठी घेऊन व्हरांड्याच्या कडेला आले. काकूंनी त्यांचा डावा दंड धरला होता आणि मी पुढे उलटी उतरत होते. पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीवर त्यांनी उजवा पाय टेकला, आणि फरशी हलली. फार नाही, अर्धा बोटभर. पण टक असा आवाज झाला आणि काकांनी माझा खांदा असा पकडला, की त्यांच्या बोटांचे वळ उठले. काकूंनी त्यांना मागे ओढून खुर्चीत बसवलं. त्यांच्या तोंडातून कसाबसा एकच शब्द आला. "नको."

मी वाकून बघितलं, तर दरजांमध्ये केसासारख्या भेगा होत्या, आणि तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या पायरीवर बोटाने ठोकलं तर पोकळ वाजत होतं. मला काही म्हणता काही समजेना. माल कमी असता तर तडे गेले असते हे ठीक. पण मी तर जास्त घातलं होतं, स्वतःच्या हातांनी. म्हणजे मी सहा घमेली घालूनही तडे गेले, तर मुळात मिस्त्रींनी किती कमी घातलं असेल? आज हे लिहिताना लाज वाटते, पण माझं डोकं त्या दिवशी सरळ त्याच वाटेने गेलं. काकूंचं गणितही तिथेच पोचलं होतं. पाच गोण्या लागायला हव्यात, सात गेल्या, आणि पायरी तर हलते. मग दोन गोण्या गेल्या कुठे? त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "तू तीन दिवस घरी होतीस. त्यांना काही नेताना पाहिलंस?"

मी म्हणाले, "दुपारी जाताना त्यांच्याजवळ पिशवी असायची."

हे खोटं नव्हतं. पिशवी होती. तिच्यात भाकरी आणि कांदा होता, आणि रिकामी पाण्याची बाटली होती, हेही मला माहीत होतं. ते मी बोलले नाही. का, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. मला इतकंच जाणवत होतं, की काकूंच्या प्रश्नाला काहीतरी उत्तर हवं आहे आणि माझ्याजवळ तेवढंच आहे.

काकू गप्पा मारत हिंडणाऱ्या बाई नव्हत्या, पण कोणी विचारलं तर सांगणाऱ्या होत्या. आमच्या पायऱ्या बघून कॉलनीतल्या तीन घरांनी मिस्त्रींना काम सांगून ठेवलं होतं. एकांची गच्ची, एकांची कुंपणाची भिंत, आणि कोपऱ्यावर एकटे राहणाऱ्या परांजप्यांची पाण्याची टाकी. आठवड्याच्या आत तिघांनीही नको म्हणून कळवलं. कारण मिस्त्रींना कोणी सांगितलं नाही. पुण्यात कारण सांगत नाहीत. 'सध्या विचार नाही' म्हणतात आणि फाटक लावून घेतात.

काकूंनी निरोप धाडल्यावर मिस्त्री आणि हौसाबाई पुढच्या रविवारी आले. काकू व्हरांड्यात उभ्या, काका खुर्चीत, मी दाराशी. काकूंनी आवाज न चढवता सगळं सांगितलं: इतकं प्रमाण, इतक्या गोण्या, इतक्या गेल्या, आणि हे असं. मिस्त्री चिडतील असं मला वाटलं होतं. ते सरळ पायऱ्यांकडे गेले. तिसऱ्या पायरीशी बसले, पहारीचं टोक फटीत घालून फरशी उचलली. फरशी अलगद वर आली, तिच्या पोटाला काहीही चिकटलेलं नव्हतं, अगदी धुतल्यासारखी. खालचा थर मात्र एका तुकड्यात सुटला, ताटासारखा. मिस्त्रींनी तो हातात घेतला, थापीच्या दांड्याने वाजवला. खणखणीत वाजला. त्यांनी तो हौसाबाईंकडे दिला. त्यांनी कडेवर नख मारलं, नख उमटलं नाही. त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो आपला माल न्हाय."

मिस्त्री काकूंकडे वळले. "बाईसाहेब, सिमिट चोरलेला माल बोटानं चुरतो. ह्यो बघा. ह्याच्यात कुणीतरी लई जीव लावलाय. जादा सिमिट वाळताना आवळतं, आन् आवळलं की दगडाला सोडून देतं. चोर म्हनला, त्ये म्या ऐकून घेतलं. पर माल जमत न्हाय म्हनू नका."

"मग माझ्या दोन गोण्या?" काकू म्हणाल्या.

दुरुस्तीसाठी आणलेली एक नवी गोणी कोपऱ्यात उभी होती. मिस्त्रींनी तिचं तोंड उघडलं आणि हौसाबाईंनी घमेली लावायला सुरुवात केली. एका गोणीत घमेली किती निघतात ते सगळ्यांना दिसावं म्हणून त्या भरत गेल्या. एक. दोन. तीन. चौथं घमेलं निम्म्याच्या आत राहिलं आणि गोणी खाली कोसळली, रिकामी.

मी बघत होते. मला गोणी माहीत होती, तिचं वजन माहीत होतं, घनफळ तोंडपाठ होतं. घमेलंही माहीत होतं. पण एका गोणीत किती घमेली, हे मी आयुष्यात कधी ओतून पाहिलं नव्हतं. माझ्या मनात गोणी म्हणजे फार मोठी गोष्ट होती आणि घमेलं म्हणजे चिमूटभर; आईच्या हातातली तेलाची धार. गोणीला तीन घमेली आणि थोडं वर. सहा घमेली म्हणजे जवळजवळ दोन गोण्या.

"काकू," मी म्हणाले, "ती सहा घमेली मी टाकली. दुपारी. तुम्ही निजल्यावर."

मग मी पिशवीचंही सांगितलं. त्यात भाकरी होती आणि मला ते माहीत होतं, हेही सांगितलं. माझी खोली जाईल याची खात्रीच होती मला; सरांना पत्र जाईल, बाबांना कळेल, शिलाई मशीन थांबवून ते पत्र दोनदा वाचतील, असं सगळं डोळ्यांपुढून गेलं. हौसाबाई मात्र माझ्या हातांकडे बघत होत्या. बोटांच्या पेरांवरची साल अजून पुरती भरली नव्हती. त्या म्हणाल्या, "हातानं कालवलं व्हय ग? येडी का काय तू."

काकूंनी त्या रिकाम्या गोणीकडे पाहिलं. मग पायऱ्यांच्या कडेला आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मी तुमच्यावर आळ घेतला. चुकले." चाळीस वर्षं ज्यांनी इतरांच्या वह्यांवर लाल पेन चालवलं, त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि पुन्हा कधी ऐकला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू. ज्या तीन घरांनी काम काढून घेतलं, तिथे तू जायचंस. मी येणार नाही. माझ्या तोंडून गेलं हे खरं, पण पिशवी तुझी आहे."

त्या दिवशी पायऱ्या उचलून पुन्हा लावायला घेतल्या. मिस्त्रींनी माल कालवायला मला बसवलं. हौसाबाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, वाळू ओली असली की फुगते, घमेलं भरलेलं दिसतं पण असतं कमी, हात घालून बघ. मी हात घातला. मला फरक कळला असं मी म्हणाले. खरं तर नाही कळला. तो कळायला पुढे खूप वर्षं लागली, आणि अजूनही एखाद्या ढिगासमोर उभी राहिले की क्षणभर तोच प्रश्न पडतो, हे पुरेल का. सहाला एक हे मला माहीत आहे. कागदांवर मी ते असंख्य वेळा लिहून सही केली आहे. पण पुरेसं देऊन हात मागे घेणं मला आकड्यासारखं पाठ झालेलं नाही. ते दर वेळी नव्याने करावं लागतं.

पुढचे दोन आठवडे पाणी मारणं पुन्हा माझ्याकडे आलं. मग एका सकाळी काका कोणाला न सांगता उतरले. मी खोलीतून बाहेर आले तर खुर्ची रिकामी होती, आणि ते खाली लिंबापाशी उभे होते, झाडाला हात लावून. काकू व्हरांड्यात उभ्या होत्या, चहाचा कप हातात. त्या म्हणाल्या, "उतरले एकदाचे. आता वर आणायला इंजिनीअर लागेल." त्यांचे डोळे भरले होते आणि मी ते पाहिलं हे त्यांना आवडलं नाही.

त्या तीन घरांत मी त्याआधीच जाऊन आले होते, आळ उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिसातून परत आल्यावर. कपडेही बदलले नाहीत. बदलले असते तर पाय निघाला नसता. गच्चीवाल्या बाईंनी मला दारातच उभं केलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे जास्त घातलं म्हणून बिघडलं? हे मी प्रथमच ऐकते आहे." मी म्हणाले, मीही. त्या हसल्या आणि मिस्त्रींना पाठव म्हणाल्या. कुंपणवाल्यांनी तोवर दुसरा गवंडी लावला होता. अर्धी भिंत उभी होती. ते गृहस्थ मान हलवत राहिले. ते काम मिस्त्रींचं गेलं ते गेलंच, आणि ते माझ्यामुळे गेलं. हे मी त्यांना मांजरीला जाऊन सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की ती भिंत पावसाळ्यात बघा.

शेवटचं घर परांजप्यांचं. त्यांनी फाटक उघडलं नाही, पलीकडून ऐकलं. मी फाटकाबाहेर उभी राहून सगळं सांगितलं: दुपारची वेळ, सहा घमेली, पिशवीतली भाकरी, मिस्त्रींनी काही नेलं नाही, माल बिघडवला तो मी. रस्त्यावरून जाणारे दोघेजण थांबून ऐकायला लागले होते. माझं संपल्यावर परांजप्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आपण इंजिनीअर आहात?"

मी हो म्हणाले.

"मिस्त्रींना सोमवारी सकाळी पाठवा," ते म्हणाले. "आपण येऊ नका."